पाच माणसांची नाली

"घरी मान्सं किती?"

फाटकात उभा राहून तो हे पहिलं विचारायचा. नाली कुठं आहे, कधीपासून तुंबली, पाणी किती चढलं, हे सगळं मागाहून. खांद्यावर बांबूची लांब कमची, हातात लोखंडी गळ, काखेत घडी केलेलं पोतं. उत्तर मिळेपर्यंत चप्पल काढायचा नाही. मिळालं की डाव्या हाताच्या बोटांवर आकडा धरायचा आणि तसाच धरून आत यायचा, जसा काही वाटेत सांडला असता.

आमच्या साकोलीत नाली मोकळी करणारे आणखी आहेत. कोणी फुटावर पैसे घेतो, कोणी तासावर. मशीनवाला तर गाडी लावायच्या आधीच आठशे सांगतो. या माणसाचा भाव माणसावर होता. माणशी साठ रुपये. मी एकदा म्हटलं, "का गा, पाईप चाळीस फुटाचा, आणि तू माणसं मोजतो?"

"पाईप कधी नाली तुंबवते का काकाजी? मान्सं तुंबवतेत."

त्याचे नियम ठरलेले होते. दात न आलेलं लेकरू फुकट. भात खायला लागलं की अर्धं, शाळेत गेलं की पूर्ण. बाळंतपणाला आलेली लेक दीड, कारण तेल आणि हळद. पाहुणा तीन रात्री राहिला तर माणूस, त्याआधी नुसता पाहुणा. जावयाचे पैसे तो घेत नसे. "जावयाचे मागतले तं तुमालेच वाईट वाटंल जी," म्हणायचा.

लोक अर्थातच माणसं लपवायचे. एका गुरुजींनी चार सांगितली. यानं काम केलं, अंगणात पोतं पसरलं आणि नालीतून निघालेलं सगळं त्यावर मांडलं. हा मूळचा तलावाकाठचा. बाप-आजे मासे मारणारे. तलावात पोट भरेनासं झालं तेव्हा हा गळ घेऊन साकोलीत यायला लागला आणि इथंही पाण्याचंच काम धरलं. म्हणून मांडायचा तेही जाळ्यातले मासे निवडावेत तसं. मोठं एकीकडे, बारीक एकीकडे, केसांचे गुंते वेगळे. त्यातला एक गुंता त्यानं काडीनं वर उचलला.

"गुरुजी, हा मेंदीचा केस कोनाचा जी?"

आत गुरुजींच्या सासूबाई महिनाभर मुक्कामाला होत्या. गुरुजींनी गुपचूप साठ रुपये आणखी काढले. हा पैसे घेता घेता म्हणाला, "मी काही पोलीस नाही गुरुजी. पन नालीत साऱ्यायचं नाव राह्यते."

ही गोष्ट गावभर झाली. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्यासमोर घर झाकून ठेवता येत नाही. साकोलीत त्याच्यापुढं माणसं लपवणारे पुष्कळ निघाले. वाढवून सांगणारा मी एकटाच.

माझं सांगतो. मी तिसरी शिकलो, मग बैलांमागं गेलो, मग राईस मिलमध्ये. तिथं धान भरडायच्या हलरवर अडतीस वर्षं काढली आणि कोणाचा एक शब्द ऐकून घेतला नाही. घर बांधलं तेव्हा आम्ही नऊ माणसं होतो. आईबाप, धाकटा भाऊ, त्याची बायको, दोघांची पोरं. मिस्त्री म्हणाला, चार इंची पाईप पुरतो. मी म्हटलं, माझ्या घराला चार इंची? सहा टाक. मिस्त्रीनं समजावलं, भावानं समजावलं, बायकोनं दोन दिवस अबोला धरला. मी सहाच टाकला. सगळ्या गल्लीत कोणाकडे नव्हता.

पुढं भाऊ वेगळा झाला. आईबाप गेले. पोरगा पुण्याला कारखान्यात लागला, तिकडंच त्याचं लग्न, तिकडंच दोन लेकरं. बायको जाऊन चार वर्षं झाली. आणि जी नाली नऊ माणसांत कधी कुरकुरली नाही, ती मी एकटा उरल्यावर तुंबायला लागली. न्हाणीत घोट्याएवढं पाणी. हे कसं होतं ते मला समजेना.

तो पहिल्यांदा आला, फाटकात उभा राहून त्यानं विचारलं, आणि मी म्हटलं, "पाच."

साठ रुपयांत काम होत होतं. पैसा मला जड नाही असं नाही. पण ज्यानं गल्लीत एकट्यानं सहा इंची पाईप टाकला, त्यानं आपल्याच फाटकात उभं राहून 'एक' म्हणायचं? तोंडातून पाच निघालं. मी, पोरगा, सून, नात, नातू. यातलं एकही माणूस खोटं नव्हतं. ती फक्त तिथं नव्हती.

त्यानं पाचही बोटं उघडी धरली आणि आत आला.

तासभर कमची आत-बाहेर करत राहिला. मध्येच थांबायचा, कमचीला कान लावायचा, पुन्हा ढकलायचा. मग भडभड आवाज झाला आणि न्हाणीतलं पाणी खाली गेलं. त्यानं पोतं पसरलं आणि मांडायला बसला. चहापत्ती. भाताची शितं. दातकाड्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं. साबणाचा एक पातळ तुकडा. बायकांचा केस एक नाही. शांपूची पुडी नाही. लेकराचं बटन नाही, पेन्सिलीचा तुकडा नाही. निम्मं पोतं कोरंच राहिलं.

तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत होता. मी मागं उभा. आता हा काडी उचलतो, असं मला वाटलं. हलरच्या पट्ट्यात एकदा माझा हात जाता जाता वाचला होता, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

तो उठला. हातपाय धुतले. "पाचाचे तीनशे जी."

मी दिले. त्यानं ते कमरेला खोवले, कमची खांद्यावर घेतली आणि फाटकातून वळून म्हणाला, "सूनबाईले सांगा काकाजी, केस नालीत सोडत नाही, लय चांगली सवय आहे. असी सून साऱ्यायले भेटत नाही."

संध्याकाळपर्यंत मी त्याला शिव्या देत होतो. सगळं समजलं होतं त्याला, आणि तरी लबाडानं पाचाचे पैसे नेले! शिव्या देता देता जेवायला बसलो आणि त्या दिवशी मी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तीनेक महिन्यांनी नाली पुन्हा तुंबली. तो आला. या वेळी त्यानं विचारलं नाही, पाच बोटं धरूनच आत आला.

"पोरं दिसून नाही राहिली जी?"

"शाळेत गेली."

"आज इतवार आहे ना."

"ट्यूशन आहे."

"हं," तो म्हणाला, "आजकाल लय राह्यते ट्यूशन." आणि कमची आत घातली.

काम झाल्यावर त्यानं चेंबरमध्ये वाकून पाहिलं. "हा सहा इंची कोनं टाकला जी?"

"मी."

"मंत्री होते का तुमी?"

तो हसला, मग मला समजावून सांगायला बसला. पाईप मोठा आणि पाणी थोडं असलं की पाणी तळाला सरपटत जातं. त्याच्यात जोर राहत नाही, गाळ जागीच बसतो. लोकांना वाटतं जास्त माणसांनी नाली तुंबते. मोठी नाली कमी माणसांनी तुंबते. "एवढ्या पाईपाले मान्सं पायजेत..." एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडे न बघता पोतं घडी करत म्हणाला, "तुमची पाच मान्सं पानी लय जपून वापरतेत, असं झालं ते."

"मग करायचं काय?"

"रोज सकारी चार बालट्या सोडत जा. एकामागं एक, थांबू नका. नालीले वाटलं पायजे का घरी आंघोळी चालू आहेत."

"मी चांगलं पाणी नालीत ओतणारा माणूस नाही," मी म्हटलं.

नाही म्हणजे नाहीच ओतलं. हट्ट तर होताच माझा, तो लहानपणापासून आहे. पण आता लिहायला बसलो तर तेही लिहितो. बादल्या ओतल्या असत्या तर नाली चालू राहिली असती, आणि नाली चालू राहिली असती तर तो आला नसता.

तो येत राहिला. दर खेपेला दोन-चार गोष्टी विचारायचा. नातू कितवीत गेला? नातीला कोणती भाजी आवडते? मला सांगता यायचं नाही. पोराचा फोन रविवारी यायचा, दोन मिनिटांचा. तब्येत बरी आहे, जेवलो, ठेवतो. आता मी फोनवर विचारायला लागलो. नात काय खाते, नातू कोणाशी भांडला, सुनेचा पाय दुखत होता तो थांबला का. पोरगा म्हणाला, "बाबा, तुमी तं कधी एवढं इचारत नव्हते." मी म्हटलं, "आता विचारून राहिलो, तं सांग." पुण्यात घडलेलं मी साठवून ठेवायचो आणि तो आला की साकोलीत घडल्यासारखं सांगायचो. "काल नातीनं भिंतीवर रंग सांडला." तो भिंतीकडे पाहायचा, जिच्यावर कसलाच डाग नव्हता. "धुतली वाटते सूनबाईनं," म्हणायचा. "लगेच," मी म्हणायचो.

एकदा शेजारच्या बाई हसत हसत कुंपणापाशी आल्या. "का भाऊजी, तो नालीवाला पागल झाला का जी? मी म्हटलं, बाजूले एकटाच बुढा राह्यते, त्याचं किती घेतो रे? तं म्हनते, नाही बाई, पाच मान्सं आहेत, मी सोता नालीत पाह्यलं."

मीही हसलो. मग आत येऊन बाजेवर बसलो. माझं खोटं आता माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी त्याला खांदा दिला होता, आणि तेही मला न सांगता.

शेवटच्या खेपेला तो आला तेव्हा त्याचे डोळे पिवळे दिसत होते. कमची दोनदा हातातून निसटली. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखव." म्हणाला, "दाखवतो जी, हे दोन-चार घरं झाली का." काम संपवून ओट्यावर बसला, एरवी कधी बसत नसे, आणि म्हणाला, "काकाजी, चहा भेटंल का?"

मी आत गेलो, चहा ठेवला. साखर जास्त पडली. दोन कप घेऊन बाहेर आलो. आम्ही दोघं प्यायलो. कप खाली ठेवल्यावर त्यानं मान वळवली आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "सूनबाई, चहा लय मस्त झाला जी!"

मी पण दाराकडे पाहिलं. काय सांगू, क्षणभर वाटलं, आतून भांड्याचा आवाज येईल.

त्यानंतर नाली तुंबली तेव्हा त्याचा फोन बंद लागला. दोन दिवस लावला, चार दिवस लावला. न्हाणीत पाणी साचलं, मी अंगणात अंघोळ करायला लागलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, मशीनवाल्याला बोलवा. मी म्हटलं, माझा माणूस आहे, येईल.

एका दुपारी फाटकात तिशीतला एक माणूस उभा राहिला. डोक्याचे केस काढलेले. मी समजलो.

"काकाजी, मी त्यायचा मोठा पोरगा. कावीळ झाली होती, गेले बाबा. परवा तेरवी आहे. तुमाले चूलबंद आवतन आहे जी. बाबा नेहमी म्हनत, साकोलीची माही पाच मान्सं. तुमी पाचही जन या."

चूलबंद म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला जेवण, त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. हे आवतन जवळच्यांना देतात. मी फाटक धरून उभा होतो. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर तो बायको-पोरांना हसत सांगत असेल, एक खुळा म्हातारा आहे, एकटा राहतो आणि पाचाचे पैसे देतो. त्यानं घरीही सांगितलं नव्हतं.

"येतो," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

तेरवीच्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून निघालो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "नालीवाल्याच्या घरी जेवाले चालले का जी?"

"चूलबंद आवतन आहे," मी म्हटलं. "चूल बंदच आहे माझी."

बसमध्ये मी चौघांची कारणं तयार केली. पोराची ड्यूटी. सुनेला ताप. लेकरांची परीक्षा. तासाभरात तलावाकाठच्या त्याच्या गावी उतरलो. अंगणात मांडव होता, पंगत बसत होती. त्याची बायको पुढं आली, मला तिनं कधी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. "साकोलीचे काकाजी ना? आन बाकीचे?"

तयार केलेलं एकही कारण तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "मागून येऊन राहिले."

तिनं लगेच पोराला हाक मारली. "काकाजीची पाच पानं मांड रे. येतेच आहेत सारे." माझ्यासमोर एक पत्रावळ पडली आणि माझ्या बाजूला चार. वाढणारे आले. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. चारही पत्रावळींवर वाढलं त्यांनी. मी माझ्या पानावरचा भात कालवून खायला लागलो.

पंगतीचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठत नाही. हळूहळू सगळ्यांचे हात थांबले. कोणी बोटं चाटून बसलं, कोणी पाणी प्यायलं. आणि एकेकाची नजर माझ्याकडे वळायला लागली. माझ्या घरची चार पानं भरलेली होती. वाफ जाऊन भात थिजला होता. दुसऱ्या पंगतीचे लोक मांडवाबाहेर उन्हात उभे होते. एक म्हातारा समोरून म्हणाला, "येतीन, येतीन. बसा जी, थांबू थोडं." नालीवाल्याचा मोठा पोरगा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आला.

मी एकटा आहे म्हटलं तर त्या माणसाचा शब्द त्याच्याच तेरवीला, त्याच्याच अंगणात खोटा पडणार होता. तसं सांगितलं नाही तर हे सगळे लोक असेच बसून राहणार होते, माझ्या माणसांची वाट पाहत. चार वर्षांत मी स्वतःही त्यांची इतकी वाट पाहिली नव्हती.

"उठा जी सारे," मी म्हटलं. कोणी उठलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "उठा. माह्या घरून कोनी येत नाही. मी एकटाच राह्यतो. त्याले माहीत होतं, पन त्यानं कोनाले सांगतलं नाही."

त्याची बायको वरणाचं भांडं घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली. मग समोरचा म्हातारा जमिनीला हात टेकून उठला, त्याच्यामागून बाकीचे.

पंगत उठली. माझे गुडघे धरले होते, म्हणून मी मागं राहिलो. बाजूला चार भरल्या पत्रावळी होत्या आणि समोर माझी, पुसून रिकामी झालेली.